गाडीचे जादा दिवे : किती, कुठे आणि कुणासाठी

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



कोजागिरीला दूध आटेपर्यंत कुणीतरी बोलायचं, अशी आपली पद्धत आहे. या वर्षी माझ्याकडे विषय आला तो मुलांकडून. आपल्या सोसायटीतली पाच-सहा मुलं आता मोठ्या मोटारसायकलींवर लांबचे दौरे करतात. कुणी तोरणमाळला जातं, कुणी सप्तशृंगीला, आणि दोघांचं पुढच्या वर्षी लडाखचं चाललंय. त्यांच्यात वाद लागला होता, की गाडीला पुढे जादा लाइट कोणते लावायचे. चाळीस वॅट की साठ, पांढरे की पिवळे, गोल की पट्टीसारखे लांब. दुसरीकडे आपले जेष्ठ नागरिक कट्ट्यावर तक्रार करतात, की संध्याकाळी सर्व्हिस रोडने फिरायला जाणं मुश्किल झालंय, समोरून गाडी आली की काही दिसतच नाही. मला वाटलं, हे दोन विषय नाहीतच, एकच आहे. म्हणून आज त्यावर बोलतो.

पहिला प्रश्न, जादा दिवा लागतो तरी कशाला? कंपनी हेडलाइट देतेच की. याचं उत्तर हिशोबातून मिळतं, आणि हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि हात ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद जातो. म्हणजे २५ मीटर नुसते विचारात गेले. पुढे चांगला ब्रेक लागला तरी कोरड्या रस्त्यावर आणखी २८ मीटर. एकूण ५३. हाच हिशोब ८० च्या वेगाला मांडला तर ८३ मीटर होतात, आणि १०० ला जवळजवळ १२० मीटर. वेग सव्वापट झाला तर अंतर जवळजवळ दीडपट होतं, हे ध्यानात घ्या.

आता तुमच्या गाडीचा डिपर किती लांब पडतो ते स्वतः मोजा. शहराबाहेर एखाद्या मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी करा, गडद रंगाचा शर्ट घातलेल्या मित्राला चालत पुढे पाठवा आणि तो दिसेनासा झाला की पावलं मोजा. अनेक गाड्यांचा आकडा पन्नास मीटरच्या आतच येईल. याचा अर्थ ८० ने जाताना डिपरवर जे दिसतं, त्याच्या आत गाडी थांबत नाही. दिसलं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. जादा दिवा घ्यायचा तो ही तूट भरून काढायला. पण तूट दोन्ही बाजूंनी भरता येते. दिवा वाढवा किंवा वेग उतरवा. दुसऱ्या उपायाला पैसे लागत नाहीत.

आपल्या भागातल्या रस्त्यांवर काय दिसायला हवं, तेही बघू. जळगाव-धुळे रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वद-एक किलोमीटरचा. तरसोद ते फागणे चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, त्यामुळे समोरच्या गाडीचा झोत कमी झाला. पण गावांपाशी उलट्या दिशेने, कडेकडेने, लाइट न लावता येणारी मोटारसायकल आजही भेटते. यावल, चोपडा, रावेरकडे रात्री केळीचे ट्रक असतात. हंगामात कापसाचे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि एकही लाल दिवा नाही. बैलगाडी तर शेवटच्या क्षणी दिसते. कन्नडच्या घाटात पावसाळ्यात धुकं, तोरणमाळच्या वळणांवर तेच. आणि चैत्रात खान्देशातून सप्तशृंग गडाकडे पायी निघालेले लोक. खान्देश हे देवीचं माहेर मानलं जातं. धुळे, मालेगाव, देवळा या बाजूने हजारो माणसं कडेने चालतात. दिवसा उन्हाचा तडाखा असतो, म्हणून अनेकजण रात्री आणि पहाटे चालतात. लहान मुलं असतात, अनवाणी बाया असतात. मोटारसायकलच्या दिव्याचा पहिला हिशोब या माणसांसाठी मांडायचा. ती आपल्याला दिसली पाहिजेत, आणि आपल्या दिव्याने त्यांचे डोळे दिपायला नकोत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

या यादीतून तुमच्या लक्षात येईल, की दिव्याची दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे लांबचं दाखवणं. त्याला अरुंद झोताचा दिवा लागतो, मुलं त्याला स्पॉट म्हणतात. दुसरं म्हणजे जवळचं आणि कडेचं दाखवणं. साइडपट्टी, खड्डा, वळणाचा आतला भाग, कडेचा माणूस. त्याला रुंद पसरणारा, खाली बसवलेला, वरची कड कापल्यासारखी सरळ असलेला दिवा लागतो. त्याला फॉग लॅम्प म्हणतात. बाजारात दोन्हींची भेसळ करून 'कॉम्बो' विकतात. तो कधी बरा असतो, पण बरेचदा दोन्ही कामं अर्धवट करतो. घेण्याआधी दुकानदाराला एकच सांगा, भिंतीवर लावून दाखव. नुसता गोल पांढरा डाग पडत असेल, वर-खाली सगळीकडे सारखा उजेड सांडत असेल, तर तो दिवा रस्त्यासाठी नाही, शेतातल्या खळ्यासाठी आहे.

माझं मत विचाराल तर खान्देशातल्या रस्त्यांसाठी आधी फॉग लॅम्पची जोडी घ्यावी. लांबचं दाखवायला गाडीचा अपर असतोच. कमी पडतो तो कडेचा उजेड, आणि आपल्याकडे धोका बहुतेक वेळा कडेनेच येतो.

रंगाचा वाद मिटवून टाकतो. पिवळा दिवा धुकं फाडतो असं म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात, की पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली असण्याचा आणि झोत वर न जाण्याचा. पण पिवळसर उजेड डोळ्याला कमी टोचतो, पावसात आणि धुळीत समोर पांढरा पडदा उभा राहिल्यासारखं कमी वाटतं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. फार निळसर पांढरा दिवा दुकानात झगझगीत दिसतो, रस्त्यावर मात्र त्रास देतो. पांढरा एलईडी मुळात निळ्या एलईडीतूनच आला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. शोध थोरच आहे. आमच्या वेळच्या सहा व्होल्टच्या गाड्यांवर ॲक्सिलरेटर दिला तर दिवा मोठा, सोडला तर मिणमिणता, असा कारभार होता. बँकेच्या वसुलीला खेडोपाडी गेलेल्या लोकांना ते माहीत आहे. आज मुठीएवढ्या दिव्यातून त्याच्या कित्येक पट उजेड निघतो. म्हणूनच तो कुठे जातो याची जबाबदारीही वाढली.

आता वॅट. खोक्यावर छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटरने दिवा किती अँपिअर ओढतो ते बघा आणि त्याला व्होल्टने गुणा. साडेबारा व्होल्टला १.६ अँपिअर ओढणारा दिवा २० वॅटचा, खोक्यावर १२० का लिहिलेलं असेना. वॅट म्हणजे दिवा किती खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष किती पडतो ते लक्समध्ये मोजतात. चांगल्या भिंगाचा २० वॅटचा दिवा वाईट भिंगाच्या ४० वॅटला हरवतो.

वॅटचा हिशोब लागतो तो बॅटरीसाठी. माझ्यासारख्या माणसाला इथे जमाखर्चच आठवतो. जमेच्या बाजूला गाडीचा आल्टरनेटर. समजा तो २२० वॅटचा. खर्चाच्या बाजूला हेडलाइट, मागचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, इंजिनाचं इंधन-इंजेक्शन आणि पेट्रोलचा पंप, वर मोबाइल चार्जर. कंपनीने हा खर्च धरूनच आल्टरनेटर दिलेला असतो. शिल्लक जी राहते, त्यातून जादा दिवे चालवायचे. शिवाय छापील आकडा इंजिन चांगलं फिरत असतानाचा असतो. घाटात ट्रकच्या मागे हळूहळू चढताना जमा कमी होते आणि खर्च तोच राहतो. शिल्लक संपली की बॅटरीतून उचल सुरू. सकाळी गाडी सुरू होत नाही ती त्यामुळे. इंजिन चालू, सगळे दिवे चालू, अशा अवस्थेत बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साडेतेराच्या आसपास किंवा वर व्होल्ट राहिले तर हिशोब जुळला. साडेबाराकडे घसरायला लागले तर दिवे कमी करा.

बसवण्याचं काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण तो काय करतो ते कळलं पाहिजे. बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर पहिल्या वितीच्या आतच फ्यूज हवा. दोन दिव्यांचे मिळून ४० वॅट, म्हणजे तीन-सव्वातीन अँपिअर. पाचचा फ्यूज पुरे. 'उडतो म्हणून वीसचा टाकला' असं कुणी म्हणालं तर गाडी परत घ्या. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. मग रिले. दिव्याचा जड करंट हँडलवरच्या छोट्या स्विचमधून नेऊ नये, म्हणून मध्ये रिले असतो. त्यावर आकडे असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ मध्ये स्विचचा हलका करंट. आणि वायर तांब्याची, निदान एक चौरस मिलिमीटरची. गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका. कपलर मिळतात, ते वापरा. काम झालं की हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून कुठे वायर ताणते का, चिमटते का बघा. वायर सायलेन्सरपासून लांब. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक वळसा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल, दिव्यात शिरणार नाही.

दिवा घट्ट क्रॅश गार्डवर, रबर घालून, आपोआप ढिला न होणाऱ्या नटाने बसवा. इंडिकेटर झाकला जाता कामा नये, रेडिएटर किंवा ऑइल कूलरची हवा अडता कामा नये. दिव्यावर आयपी ६७ लिहिलेलं असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, असा त्याचा अर्थ. पण वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा ही वेगळी परीक्षा आहे, तो थेट दिव्यावर मारू देऊ नका. एलईडी पुढून गरम वाटत नाही, त्याची उष्णता मागे अंगात साठते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तिथे प्लास्टिकच्या अंगाचा दिवा फार काळ साथ देत नाही. मागे ॲल्युमिनिअमच्या पाकळ्या असलेला घ्या, आणि गाडी उभी असताना उगाच चालू ठेवू नका.

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका. लांब पल्ल्याचा स्पॉट लावणार असाल तर त्याच्या रिलेला चालना अपरच्या वायरीतून द्या. म्हणजे समोरून गाडी आली आणि तुम्ही डिपर मारला, की स्पॉटही त्याच क्षणी बंद. वेगळा स्विच हवा तर जरूर ठेवा, पण तो अपरच्या पुढचा असावा, त्याला वळसा घालणारा नसावा. पुष्कळ गाड्यांवर स्पॉटचा स्विच स्वतंत्र असतो. माणूस मनाने वाईट नसतो, पण एक हात क्लचवर, समोर खड्डा, मागे ट्रक, अशा वेळी दुसरा स्विच दाबायचं राहतं. आणि त्या तीन सेकंदांत समोरचा आंधळा होतो. तुम्ही ६० ने, तो ६० ने, तीन सेकंदांत तुमच्यामधलं शंभर मीटर अंतर संपलेलं असतं. त्या अवस्थेत तो तुमच्याच अंगावर येऊ शकतो. म्हणून सभ्यपणा लक्षात ठेवण्यावर सोडायचा नाही, वायरिंगमध्येच घालून ठेवायचा. फॉग लॅम्प मात्र डिपरबरोबर चालू राहिले तरी चालतात, कारण त्यांचा झोत खालीच असतो. पण ते इग्निशन बंद झालं की बंद व्हायला हवेत.

झोत खाली आहे की नाही, हे तपासायला आपल्या पार्किंगची मागची भिंत उत्तम आहे. भिंतीपासून साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फुटांवर गाडी सरळ उभी करा. टायरमध्ये हवा नीट, स्वार बसलेला, दौऱ्याचं सामान मागे बांधलेलं. जमिनीपासून दिव्याची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ मारा. फॉग लॅम्पच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिवा साठ सेंटिमीटर उंचीवर असेल तर त्याचा उजेड तीस मीटरवर जमिनीला टेकेल. स्पॉटचा मध्य रेघेखाली साडेसात सेंटिमीटर ठेवा. सत्तर सेंटिमीटर उंचीचा दिवा असा लावला तर त्याचा मध्य सत्तर मीटरवर रस्त्याला मिळतो. सामान बांधून का करायचं? मागे बायको किंवा मित्र बसला की गाडीचं मागचं अंग दबतं आणि नाक वर होतं. झोत फक्त एक अंश वर गेला तर पन्नास मीटरवर तो जवळजवळ ९० सेंटिमीटरने उचलला जातो. म्हणजे रस्त्यावरून थेट माणसाच्या छाती-तोंडावर.

कट्ट्यावरच्या मंडळींची तक्रारही खोटी नाही. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळट, धूसर होत जातं. आत जाणारा उजेड कमी होतो, आणि जो जातो तो पसरतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर आणखी. तरुण माणूस झोत गेल्यावर चटकन सावरतो, सत्तरीतल्या माणसाला डोळ्यापुढची अंधारी जायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाय साइडपट्टीवरून घसरतो. तेव्हा 'म्हातारे उगाच ओरडतात' असं म्हणू नका. 'लाइट खाले कर ना भो' असं रस्त्यात कुणी ओरडलं तर तो भांडत नसतो, त्याला खरंच दिसत नसतं. आणि आपण चालणाऱ्यांनीही संध्याकाळी फिकट कपडे घालावेत, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उजव्या कडेने चालावं, काठीला चमकणारी पट्टी चिकटवावी. तेवढं आपलं काम.

कायद्याचंही बोललं पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढे पडणारा झोत समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा खाली वळलेला किंवा वळवता येणारा हवा. पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला त्याच नियमांनी बंदी आहे. अपवाद आहे तो खास परिस्थितीत, आरटीओच्या मंजुरीने. कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. म्हणून स्पॉट लावायचाच असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. शहाणपणाचा रस्ता म्हणजे गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेले फॉग लॅम्प अधिकृत डीलरकडून बसवून घ्यायचे, बिल जपून ठेवायचं. वॉरंटी आणि विमा, दोन्हींच्या वेळी तो कागद कामी येतो. लाल-निळे उघडझाप करणारे दिवे तर लावूच नका.

जाता जाता आणखी एक. दिवा आपल्याला दिसण्यासाठी असतो, तसाच आपण दिसावं म्हणूनही असतो. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन छोटे दिवे असतात. त्यांनी रस्ता उजळत नाही, पण समोरच्याला गाडी कळते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो, तो याच कारणाने. दिसण्यासाठी फार मोठा उजेड लागत नाही.

आणि खरेदीला जाण्याआधी तीन फुकटची कामं करा. हेडलाइटची काच आतून-बाहेरून स्वच्छ आहे का बघा. हेडलाइटचा झोत त्याच भिंतीवर तपासा, अनेक गाड्यांचा तो वर किंवा वाकडाच असतो. हेल्मेटची काच ओरखड्यांनी भरली असेल किंवा काळी असेल तर बदला, रात्री तिच्यासारखा शत्रू नाही. एवढं करून दौऱ्यावर जाऊन या. निम्म्या लोकांची जादा दिव्यांची गरजच संपेल. उरलेल्यांना नेमका कोणता दिवा हवा ते कळेल.

कमिटीला माझी एक विनंती आहे. पार्किंगच्या मागच्या भिंतीवर साठ आणि सत्तर सेंटिमीटरला रंगाच्या दोन कायमच्या रेघा आणि पंचवीस फुटांवर जमिनीवर एक पट्टा मारून द्यावा. डबाभर रंगाचं काम आहे. रौप्यमहोत्सवाच्या खर्चात तो कुठेही दिसणार नाही. ज्यांना गाडीचा झोत तपासायचा असेल त्यांनी येत्या रविवारी अंधार पडल्यावर खाली यावं. मल्टिमीटर आणि खडू मी आणतो. स्कूटरवाल्या वहिनींनीही यावं, त्यांच्याही गाडीला हेडलाइट आहेच.

दूध तयार झालेलं दिसतंय.